सिस्टरआजींची शुक्रवारची बॅच

शुक्रवारी दुपारनंतर सिस्टरआजींच्या फाटकासमोरून जाणाऱ्या कोणत्याही लहान मुलाचे कान सुरक्षित नसत. मूल कुणाचं, कुठल्या जातीचं, कुठं निघालंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्या हाक मारत, मूल जवळ आलं की हनुवटी धरून मान वळवत, कानामागे बघत आणि त्याच्या आईच्या संसाराबद्दल एक वाक्य बोलत. ते वाक्य दिवेलागणीच्या आत त्या आईपर्यंत पोचायचं आणि ती चिडून पोराला पुन्हा आंघोळ घालायची. अशा रीतीनं आमची अख्खी कॉलनी दर शुक्रवारी संध्याकाळी विनाकारण स्वच्छ असायची.

त्यांचं नाव मोझेल. सरकारी दवाखान्यात हेड सिस्टर होत्या, निवृत्त झाल्यावर ‘सिस्टर’ला फक्त ‘आजी’ जोडलं गेलं. मूळच्या अलिबागकडच्या. बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून मराठी झालेल्या ज्यू लोकांपैकी. नवरा रेल्वेत गार्ड होता, त्याची मुदखेडला बदली झाली म्हणून त्या मराठवाड्यात आल्या, मग नांदेडला घर बांधलं. गार्डसाहेब वारले आणि बाई इथल्याच होऊन राहिल्या. बोलणं मात्र समुद्राकाठचं ते समुद्राकाठचंच. उन्हाळा लागला की पदरानं वारा घेत म्हणायच्या, “काय गो बाई हा गाव, वारा म्हणून कसा तो नाही.” वर्षानुवर्षं म्हणायच्या. वारा काही आला नाही आणि बाईही काही गेल्या नाहीत.

घरात मुलगा एलायजा, तो विष्णुपुरीला नोकरीला. सून डायना. नातवंडं दोन, सहा वर्षांची रिव्का आणि चार वर्षांचा योनी. त्यांच्या आणि माझ्या घरांमध्ये एक भिंत, तीही अशी की पलीकडे फोडणी पडली की अलीकडे शिंक यायची. मी कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. आमच्या भागात शिकणारा आणि शिकवणारा सोडून तिसरा माणूस सापडणं कठीण. सापडलाच तर तो मेस चालवतो. तालुक्यातालुक्यातून आयाबाया शेती नवऱ्याच्या भरवशावर सोडून इथं खोली करून राहतात, कारण पोराला डॉक्टर करायचं असतं. पोराला रांगता येत नसलं तरी ते कुठल्या बॅचला बसणार हे ठरलेलं असतं.

अशा गावात सिस्टरआजी नेमक्या कोण, हे ठरवायला लोकांना फार त्रास झाला. चर्चला जात नाहीत, मशिदीत जात नाहीत, देव्हारा नाही, गणपती नाही. पण दाराच्या चौकटीला एक छोटीशी तिरपी डबी ठोकलेली आणि घरातलं माणूस येता-जाता तिला बोटं लावून ती बोटं ओठांना लावणार. पोरांना तर उचलून तिथवर नेणार. शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा, आणि शनिवारी चूल नाही, काम नाही, प्रवास नाही. आमच्या गल्लीतले भाऊराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, म्हणजे माणसांची वर्गवारी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी सगळा पुरावा एकत्र केला आणि निकाल दिला.

“ह्यांच्यात शनीचं लई कडक हाय,” ते म्हणाले. “तेलाचा दिवा, शनिवार पाळायचा, अन् कुणाला सांगायचं न्हाई. बराबर शनी.”

निकाल दिला तो दिला, वर एका शनिवारी सकाळी तेलाची बाटली घेऊन थेट त्यांच्या दारात उभे राहिले. त्यांना साडेसाती चालू होती. आजी वाचत बसल्या होत्या. भाऊरावांनी आपली सगळी पीडा सांगितली. थोरला मुलगा विचारत नाही, गुडघे धरतात, रात्री तीनदा उठावं लागतं. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांची जीभ बघितली, खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, “साखर तपासलीस का?”

साखर भरपूर निघाली. भाऊराव आजही सांगतात की त्या बाईला शनी प्रसन्न आहे, नुसता डोळा बघून सांगितलं.

पुढे कुणीतरी मोबाइलवर शोधून काढलं की ही मंडळी ज्यू आहेत, म्हणजे इस्रायलची. झालं. मराठवाड्यात इस्रायल म्हटलं की माणसाला एकच गोष्ट आठवते. माझ्या समोरच्या खोलीत अहमदपूरकडच्या सुनंदाबाई राहत होत्या, थोरलीला आमच्या क्लासला घातलेलं आणि धाकटा प्रणव अजून बालवाडीत. त्यांचे मालक ज्ञानोबा महिन्यातून एकदा गावाकडून ज्वारी-डाळ घेऊन यायचे. ते हात जोडून आजींपुढे बसले आणि विचारलं, “आजी, आमचं ठिबक सारकं चोक होऊन राहिलंय. तुमच्याकडं काय करत्यात?”

“मी जन्मभर सलाइनचं ठिबक लावलं रे बाबा,” आजी म्हणाल्या. “ते चोंदलं तर नळी बदलायची, एवढंच मला ठाऊक.”

ज्ञानोबा गावी गेले आणि नळी बदलली. ठिबक सुरू झालं. आमच्याकडे आजींची कीर्ती वाढायला असं काहीही पुरायचं.

पण आजींचं खरं राज्य शुक्रवारच्या संध्याकाळचं. तेव्हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा पवित्र दिवस, सुरू व्हायचा. त्या दिवशी घरात त्यांचा आवाज अर्ध्या पट्टीनं खाली यायचा आणि कामाचा वेग दुप्पट व्हायचा. काळ्या मनुका सकाळपासून भिजत पडलेल्या असायच्या. त्या कुस्करून, गाळून शरबत. आशीर्वादाला लागणाऱ्या द्राक्षाच्या दारूऐवजी हेच, कोकणातल्या त्यांच्या घरातली जुनी रीत. दोन पोळ्या एकावर एक ठेवून वर भरतकाम केलेला रुमाल. काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेल तेल, त्यात वात. सूर्य मावळायच्या आधी आजी दिवा लावायच्या, हात दिव्याभोवती फिरवून डोळ्यांवर ठेवायच्या आणि हळू आवाजात प्रार्थना म्हणायच्या. रिव्काही डोळे झाकायची. योनी झाकायचा, पण बोटांच्या फटीतून बघायचा. एकदा त्यानं तिथूनच सांगितलं, “आजी, माशी पडली तेलात.”

“पडू दे. तिलाही शब्बाथ आहे,” आजी डोळे न उघडता म्हणाल्या.

प्रार्थनेत गंभीर तोंड केलेलं त्यांना खपत नसे. “पोट दुखतंय का तुझं?” त्या विचारायच्या. “नाही ना? मग तसं तोंड करून देवाशी बोलू नको. त्याला वाटेल औषध मागतोयस.” सूर चुकला तर चालायचा, शब्द चुकला तर एकदा सांगायच्या, दुसऱ्यांदा सोडून द्यायच्या. घाई मात्र केली तर संपलं. “देवाला गाडी पकडायची नाही. गाडी तुझे आजोबा सोडायचे, ती सुटली. आता आरामात म्हण.”

मग गाणं. शब्बाथला घरात देवदूत येतात, अशी त्यांची समजूत, आणि त्यांना ‘या, बसा’ म्हणायचं ते गाणं. शब्द हिब्रू. चाल मात्र कुठल्याही सिनेगॉगमधली नव्हती. आजींच्या आजीनं ती कुठून उचलली देव जाणे, पण भिंतीपलीकडून ऐकताना मला कोकणातली बाई पहाटे जात्यावर बसलीय असं वाटायचं. दुसऱ्या ओळीला आवाज जरा वर चढायचा, तिथं थोडा थांबायचा आणि मग सावकाश उतरायचा. त्या थांबण्यावर आजींचं फार लक्ष. शेवटच्या कडव्यात देवदूतांना ‘आता शांतपणे जा’ असं म्हणायचं असतं. ते कडवं आजींच्या घरात म्हणत नसत. एलायजानं एकदा पुस्तक दाखवून सांगितलं, “आई, एक कडवं राहतंय.”

“राहू दे. घरी आलेल्याला जा म्हणायचं? आपण निघताना स्वतःसुद्धा जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. त्यांना कंटाळा आला की ते जातील आपले आपण.”

गाणं झालं की मुलं एका ओळीत उभी राहायची आणि आजी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद पुटपुटायच्या. मग शरबत, पोळी, जेवण, आणि जेवताना माशाच्या पोटात राहून आलेल्या संदेष्ट्याची नाहीतर राक्षसाला गोफणीनं पाडणाऱ्या मुलाची गोष्ट. झोपताना पुन्हा डोळ्यांवर हात ठेवून एक छोटी प्रार्थना. दोन्ही पोरं हे सगळं पुस्तक न बघता, श्वासासारखं म्हणायची.

हेच सुनंदाबाईंनी खिडकीतून ऐकलं आणि तिथून प्रकरण सुरू झालं. चार-सहा वर्षांची पोरं कळत नाही अशा भाषेत, न अडखळता, न बघता इतकं म्हणतात, याचा आमच्या गावात एकच अर्थ निघतो. सुनंदाबाईंनी मला जिन्यात गाठलं.

“सर, ह्या लेकरांचा क्लास कुठला हाय?”

“क्लास नाही. प्रार्थना आहे त्यांची घरची.”

“ते ठीक हाय. पण मेथड कोणची?”

मी हसलो, त्या हसल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी प्रणवला पावडर लावून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून, त्या आजींच्या दारात हजर. “आजी, आमच्या बाळाला बी घ्या की तुमच्या बॅचला. ह्याचं ध्यान लई फिरतंय.”

आजींनी प्रणवचे कान बघितले. स्वच्छ होते. “बस,” त्या म्हणाल्या. संपला प्रवेश.

सुनंदाबाईंनी आत यायचं नाकारलं. क्लास चालू असताना पालकांनी बाहेर थांबायचं, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. ते बघून पुढच्या शुक्रवारी आणखी एक आई आली, मग आणखी. महिन्याभरात आजींच्या फाटकाशी पोरांच्या चपला आत आणि आया बाहेर असा देखावा दिसू लागला. एकीनं वेळापत्रक विचारलं, एकीनं टेस्ट कधी असते ते विचारलं. एकीनं मुलाला रविवारी ‘डाउट’ विचारायला पाठवलं. त्याचा डाउट होता की देवदूत जेवतात का. आजींनी त्याला सांगितलं, “तू जेवलास ना? मग झालं, ते तुझ्याच शेजारी बसले होते.” पोरानं घरी जाऊन शेजारी ताट मागितलं.

प्रणवनं तर कहर केला. शब्बाथला पोळ्या रुमालाखाली झाकतात, कारण आशीर्वाद आधी शरबतावर म्हटला जातो आणि आपला नंबर मागे पडला म्हणून पोळीला वाईट वाटू नये. आजींनी हे मुलांना अगदी मनापासून सांगितलेलं. ज्ञानोबा गावाकडून आले त्या दिवशी सुनंदाबाईंनी आधी आमटी वाढली. प्रणव उठला, बापाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि भाकरीवर टाकला. “तिला बगू देऊ नका,” म्हणाला. ज्ञानोबांनी चौकशी केली आणि कारण ऐकून टॉवेल तसाच राहू दिला. मग बायकोला म्हणाले, “चांगलं शिकून राहिलंय पोरगं. आपल्या भावकीला धाडा ह्या क्लासला.”

ही बातमी आमच्या क्लासच्या डायरेक्टर सरांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सरांविषयी एवढंच सांगतो की आमच्या फ्लेक्सवर पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो असतो आणि तिच्यापेक्षा मोठा सरांचा. निकाल कुणाचाही असो. एका शुक्रवारी शाल, श्रीफळ आणि मला घेऊन ते आजींकडे आले. वेळ त्यांनी अचूक चुकवली. दिवा लागला होता आणि गाणं सुरू होणार होतं.

“आजी, नमस्कार. एक प्रपोजल होतं. वय वर्षं तीन ते सहा, फाउंडेशन बॅच, परदेशी भाषेतलं पाठांतर. मेंदूची मशागत. तुम्ही फक्त...”

“हात धुतलेस?” आजींनी विचारलं.

सरांना शेवटचं असं कुणी कधी विचारलं असेल कुणास ठाऊक. ते मोरीकडे गेले. परत आले तर आजींनी योनीच्या मागची जागा दाखवली. सफारी घातलेला माणूस मांडी घालून बसला, शाल मांडीवर, नारळ शालीवर. गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला, नेमकं जिथं थांबायचं तिथं, सरांचा फोन वाजला. त्यांच्या फोनची धून म्हणजे आमच्या क्लासची जाहिरात.

आजी गायच्या थांबल्या नाहीत, नुसतं बघितलं. त्या नजरेला एकेकाळी सिव्हिल सर्जन भ्यायचे म्हणे. सरांनी फोन बंद केला. गाणं संपल्यावर मुलं आशीर्वादाला उभी राहिली, आणि सरांना काय वाटलं कुणास ठाऊक, तेही योनीच्या मागे ओळीत उभे राहिले. त्यांची पाळी आली तशी आजींनी त्यांच्याही डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटल्या. सर खाली मान घालून उभे होते. मी त्यांना इतकं गप्प कधी बघितलं नाही. पण शरबत पोटात गेलं आणि माणूस पूर्ववत झाला.

“आजी, याचा रिझल्ट काय येतो?”

“रिझल्ट?” आजी म्हणाल्या. “माझ्या आजीनं माझ्या आईला शिकवलं, आईनं मला, मी ह्यांना शिकवते. आमच्यात कुणी डॉक्टर झाली नाही. पण विसरली कुणी नाही.”

सरांनी यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं. पंधरा दिवसांत चौकात फ्लेक्स लागला, ‘एकदा पाठ, कायमचं पाठ’. खाली सरांचा फोटो. आजींना विचारायचं राहूनच गेलं होतं, म्हणून एका तरुण मास्तरला नेमून स्तोत्रं पाठ करून घ्यायचं ठरलं. पहिल्या दिवशी गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी पोरं रडायला लागली, कारण तिथं शरबत नव्हतं आणि गाताना कुणी हसूही देत नव्हतं. आठवड्यात बॅच बंद. आजींनी मला बोलावून निरोप दिला, “तुझ्या त्या सरांना सांग, उजवा कान साफ करून घे म्हणावं. मी डोक्यावर हात ठेवला तेव्हा बघितला.” तो निरोप मी अजून दिलेला नाही. नोकरी आहे.

त्याच वर्षी एलायजाला इस्रायलमध्ये काम मिळालं. डायनाची बहीण आधीच तिकडे होती. कॉलनीत हे कळल्यावर ज्याला त्याला परराष्ट्र धोरण सुचायला लागलं. भाऊराव रोज संध्याकाळी टीव्हीवरचं सगळं ऐकून फाटकाशी यायचे आणि आजींना तिकडची परिस्थिती सांगायचे. ज्ञानोबांनी एलायजाला एकच गोष्ट आणायला सांगितली, ठिबकचा फिल्टर. आजींनी मात्र जायला नकार दिला.

“तिकडे मला कोण ओळखतं?” त्या मला म्हणाल्या. “इथे निम्मं गाव माझ्या सुईनं रडलंय. तू जा, घर लाव, मग बघू, असं सांगितलंय एलायजाला.”

“मुलं चांगली शिकतील तिकडे, आजी. भाषाही त्यांचीच.”

त्यांनी दिव्याचा रिकामा पेला पुसायला घेतला. मग म्हणाल्या, “भाषा शिकतील. प्रार्थना माझ्याहून शुद्ध शिकतील, ते मला कळतं. पण ही चाल तिकडे कुणाला येते? माझी बहीण वारली, तिची मुलं इंग्रजीत बोलतात, आणि एलायजाला सूरच नाही. ती चाल आता ह्या दोन पोरांच्या तोंडात आहे आणि माझ्या. माझं तोंड किती दिवस? ह्यांच्या तोंडातून गेली की गेली मग.”

आणि जी बाई जन्मात कधी घाई करत नव्हती, तिनं घाई सुरू केली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. सकाळी शाळेच्या आधी गाणं. शाळेतून आल्यावर गाणं. बुधवारी, सोमवारी, जेवायच्या आधी. “दुसऱ्या ओळीला थांब. थांबली नाहीस. परत.” रिव्का परत म्हणायची. योनी निम्म्यात रडायचा. आजींचा आवाज मी इतका कोरडा कधी ऐकला नव्हता. आमच्या क्लासमध्ये परीक्षेच्या आधी जो चालतो तोच कारखाना आजींच्या ओटीवर चालू झाला, फक्त त्यांच्याकडे फ्लेक्स नव्हता. मी हे बघून खूश व्हायला हवं होतं, आपलीच विद्या जिंकली म्हणून. पण मला वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाईट वाटायचं. मी टीव्हीचा आवाज मोठा करायचो.

एके दिवशी योनी सापडेना. शोधलं तर पलंगाखाली. आजी गुडघे टेकून वाकल्या, “ये बाहेर, म्हणायचंय ना?”

आतून आवाज आला, “आजी, मी नापास झालो तर मला विमानात घेणार नाहीत का?”

डायनानं मला नंतर सांगितलं की आजी तशाच जमिनीवर बसल्या. मग त्यांनी पलंगाखाली हात घातला, योनीला ओढून मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, “घेतील रे राजा. न म्हणतासुद्धा घेतील.” त्या दिवसापासून मधल्या वारी गाणं बंद झालं. जायच्या आदल्या शुक्रवारी नेहमीसारखा दिवा लागला, नेहमीसारखं गाणं झालं, योनीनं दोन ओळी गाळल्या, आजींनी एक शब्द काढला नाही. मुलं गेली त्या सकाळी त्यांनी दोघांना उचलून चौकटीच्या डबीला बोटं लावू दिली, आणि गाडी वळल्यावर लगेच प्रणवला हाक मारून त्याचे कान बघितले. स्वच्छ होते, तरी ओरडल्या.

मग फोनची अडचण आली. आमच्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे दुपार असते. एलायजा म्हणायचा, तुमच्या दिव्याच्या आधी फोन करतो, सगळे मिळून गाणं म्हणू. आजी ऐकेनात. “पाहुणे यायच्या आधीच या या म्हणायचं? दुपारी कोण येतं? वीजबिलवाला.” तिकडचा दिवा लागायच्या आधी मुलं फोन करायची, तर आमच्याकडे शब्बाथ सुरू होऊन तासभर झालेला. आणि एकदा शब्बाथ लागला की आजी दिव्याची वात सरकवत नसत, मग फोन कसला? फोन पलंगावर वाजायचा, वाजत राहायचा, बंद व्हायचा. ओटीवर बॅचची पोरं गोष्ट ऐकत बसलेली. आजी गोष्ट सांगत राहायच्या, फक्त तेवढा वेळ राक्षस आणि गोफण यांची गल्लत व्हायची.

फाटकाबाहेरून सुनंदाबाई हे बघत होत्या. त्यांनी मला पुन्हा जिन्यात गाठलं.

“सर, आजी फोन काहून उचलत न्हाईत? लेकरांचा असतोय.”

मी त्यांना सांगितलं. शब्बाथला उचलायचा नसतो, आणि दुसऱ्याला ‘तू उचल’ असं सांगायचंही नसतं.

“सांगायचं बी न्हाई?”

“नाही.”

“अन् म्या माझ्या मनानं उचलला तर?”

“मग ते तुमच्या डोक्यावर.”

“हाव, असू द्या. माझ्या डोक्यावर लई हाय. त्यात येक.”

माझी बदली लातूरच्या शाखेत झाली होती. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं, म्हणून त्या शुक्रवारी निरोप घ्यायला मी आजींकडे गेलो आणि ओटीवर मुलांच्या मागे बसलो. दिवा तेवत होता, गाणं झालं होतं, शरबत संपलं होतं, संदेष्टा माशाच्या पोटात गेला होता. फोन वाजला. आजींनी ओळ तोडली नाही. तेवढ्यात फाटक वाजलं. सुनंदाबाई पहिल्यांदाच चपला काढून आत आल्या, कुणाकडे न बघता पलंगावरचा फोन उचलला आणि आजींकडे पाठ करून म्हणाल्या, “मला कुणी सांगितलं न्हाई. म्या आपली उचलला.”

पडद्यावर रिव्का आणि योनी. त्यांच्या मागे खिडकीत अजून ऊन होतं. “आजी कुठाय?” योनीनं विचारलं. आजींनी पटकन दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. पडदा बघायचा नव्हता, आणि तोंड फिरवायचंही नव्हतं.

“हायेत हितंच,” सुनंदाबाई म्हणाल्या. “बोला, ऐकायल्या त्या.”

“आजी, आम्ही गाणं म्हणतो,” रिव्का म्हणाली आणि तिनं सुरू केलं. टाळ्या वाजवत, भरभर, शाळेत शिकवलेल्या चालीत. सुरेल होतं. शब्दही स्वच्छ होते. दुसरी ओळ न थांबता सरळ पुढे गेली. योनी नुसता तिच्याकडे बघत होता. आजींचे हात डोळ्यांवर होते आणि मघाशी हलणारे ओठ आता हलत नव्हते. बॅचची पोरं एकमेकांकडे बघू लागली.

“ये पोरी, थांब,” सुनंदाबाई म्हणाल्या. “असं न्हाई ते. इतकं पळू नको.”

आणि त्या गायला लागल्या. आम्ही क्लासवाले फक्त आत बसलेल्यांचा विचार करतो. बाहेर पाण्याची बाटली धरून उभी असलेली बाई काय काय ऐकते, याचा हिशेब कुठल्या मास्तरनं ठेवला नाही. हिब्रू शब्दांचं अहमदपूर झालं होतं. पण चाल तीच होती. दुसऱ्या ओळीला आवाज वर चढला, थांबला, जेवढं थांबायचं तेवढंच थांबला आणि सावकाश उतरला. पोरांनी सूर धरला. पलीकडे रिव्काची टाळी थांबली आणि योनी म्हणाला, “हे आजीचं आहे,” आणि तोही म्हणायला लागला, मग रिव्काही.

सिस्टरआजी रडत होत्या. डोळ्यांवर हात होते म्हणून मुलांना कळलं नाही, मला ओल्या मनगटांवरून कळलं. गाणं संपलं. तिकडे डायना दिव्याची वेळ झाली म्हणून हाक मारत होती. फोन कुणी बंद करेना.

आजींनी हात काढले नाहीत. तशाच म्हणाल्या, “सुनंदा, परत एकदा म्हण. पोरांना ऐकू दे.”